तोंडी सगळं येतं, वहीत उतरत नाही : अशा मुलाला शिकवावं कसं?



आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला शिक्षण हेही एक सूत्र आहे. शाळेत नाव घातलं, गणवेश घेतला, पोरगं रोज शाळेत जायला लागलं, की आपल्याला वाटतं आपलं काम झालं. पण काही मुलं रोज शाळेत जाऊनही तिसरी-चौथीपर्यंत धड वाचू शकत नाहीत. घरी ती हुशार असतात. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतात. सायकलची चेन उतरली तर स्वतः बसवतात. कोणती शेळी कुणाची, हे लांबून ओळखतात. वही उघडली की मात्र रडकुंडीला येतात.

मग घरात बोलणं सुरू होतं. "आळशी आहे." "लक्षच नसतं त्याचं." "मोबाईलनं वाटोळं केलं." सासूबाई म्हणतात, आईनं लाडावून ठेवलंय. घरधनी म्हणतात, दोन ठेवून दिल्या की सगळं येईल. मुलगी असली तर गोष्ट आणखी पुढं जाते. "नाही ना तिच्या डोक्यात जात, मग कशाला शाळा? शिलाई मशीन घेऊन द्या." इथं शाळा सुटते, आणि शाळा सुटली की लग्नाचा विषय निघायला वेळ लागत नाही.

या अंकातला धडा अशा मुलांसाठी आहे. तो एकटीनं वाचू नका, बैठकीत मोठ्यानं वाचा. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या ताईंनी आणि अंगणवाडी ताईंनी जरूर ऐकावा. शेवटी बैठकीत करायचा एक खेळ आणि चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

काही मुलांची बुद्धी चांगली असते. डोळे आणि कान ठीक असतात, शाळाही चुकत नाही. तरी वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड यांपैकी एखादं काम त्यांना फार जड जातं. अक्षर पाहिलं की त्याचा आवाज आठवायचा, आवाज जोडून शब्द करायचा, हे काम त्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीनं आणि सावकाश करतो. याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, आकड्यांत असेल तर डिसकॅल्क्युलिया, अशी नावं आहेत. एकाच मुलाला दोन अडचणीही असू शकतात. २००७ साली 'तारे जमीन पर' नावाचा हिंदी चित्रपट आला होता. त्यातल्या ईशानला डिस्लेक्सिया असतो. आपल्यापैकी अनेकींनी तो टीव्हीवर पाहिला असेल.

ही अडचण जन्मापासूनची असते, आणि बऱ्याचदा घरात आधीही कुणाला असते. आईनं लाड केले म्हणून ती येत नाही, आणि मारून जात नाही. टॉनिक, गोळी, गंडादोरा यांनीही जात नाही. त्यावर पैसे घालवू नका. फरक पडतो तो शिकवण्याची पद्धत बदलल्यानं. पद्धत बदलली की मूल वाचायला शिकतं. वेळ लागतो, पण शिकतं.

सगळीच मागे पडलेली मुलं अशी नसतात

इथं घाई करायची नाही. मूल मागे पडायला दुसरीही कारणं असतात.

आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल चार-पाच महिने शाळेबाहेर राहतं. त्याचा अभ्यास बुडालेला असतो. त्याला बुडालेला भाग पुन्हा शिकवला पाहिजे. घरात गोंडी, कोरकू, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी ही नवी भाषा असते. आधी ती बोलायला शिकू द्यावी. काहींना फळा नीट दिसत नाही. काहींचा कान सारखा फुटतो आणि कमी ऐकू येतं. काही मुलं पोटभर न खाता शाळेत जातात, किंवा घरातल्या भांडणामुळे धास्तावलेली असतात.

आपल्यातल्या ज्या ताई लहानपणी शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना वाचता येत नाही ही अक्षमता नव्हे. त्यांना कुणी शिकवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिकवूनही, नियमित शाळेत जाऊनही, डोळे-कान ठीक असूनही जे मूल अडतं, त्याच्याबद्दल आपण इथं बोलतो आहोत. म्हणून पहिली पायरी डोळे आणि कान तपासण्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. पथक कधी येणार हे मुख्याध्यापकांना किंवा आशाताईंना विचारून ठेवा, त्या दिवशी मूल शाळेत राहील असं पाहा आणि तुमची शंका पथकातल्या डॉक्टरांना सांगा.

वहीत काय बघायचं?

शिकलेली नसलेली आईसुद्धा यातल्या बऱ्याच खुणा ओळखू शकते. वही बघायला शेजारच्या मोठ्या मुलीची मदत घ्या.

- सारखी दिसणारी अक्षरं सारखी चुकतात. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, प आणि ष, ट-ठ-ढ.
- काना-मात्रा गळतात. 'बाजार' लिहायचा असतो, वहीत 'बजर' दिसतं.
- अक्षरांची जागा बदलते. 'कमळ' चं 'मकळ' होतं.
- वेलांटी भलत्या अक्षराला लागते. पहिली वेलांटी बोलताना अक्षराच्या नंतर ऐकू येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. इथं ही मुलं गोंधळतात. जोडाक्षरं आणि रफार आले की तर थांबतातच.
- एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो.
- वाचताना ओळ सुटते, किंवा पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजानं म्हटला जातो.
- फळ्यावरचं उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो.
- शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं, रविवारी मात्र दुखत नाही.

आकड्यांची गंमत वेगळी आहे. आपण ६३ ला 'त्रेसष्ट' म्हणतो. म्हणजे तोंडातून आधी तीन येतो, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा लिहायचा, मग तीन. मूल ऐकतं तसं लिहितं आणि ३६ होतात. 'एकोणसाठ' ऐकलं की कानात साठ राहतं, पण लिहायचे असतात ५९. हीच अडचण ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची पद्धत जुन्या नावांच्या जोडीला दिली होती. त्यावर राज्यभर वाद झाला, चेष्टाही झाली. पण आकड्यात अडणाऱ्या मुलाला 'साठ तीन' म्हणून दिलं की ६३ लिहिणं सोपं जातं. ते पक्कं झालं की 'त्रेसष्ट' शिकवता येतं.

पहिली-दुसरीत अशा चुका सगळ्याच मुलांच्या होतात. ऱ्हस्व-दीर्घ तर मोठ्यांचंही चुकतं. एखादी खूण दिसली म्हणून लगेच घाबरू नका. तिसरीत गेल्यावरही यातल्या बऱ्याच खुणा रोज दिसत असतील, तर मात्र गप्प बसू नका.

वर्गात काय करता येतं?

आपल्या गावात बऱ्याचदा दोनशिक्षकी शाळा असते. एक सर दोन-तीन इयत्ता सांभाळतात, वर ऑनलाईन माहिती भरायचं काम. त्यामुळे शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. खाली दिलेल्या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि वेळही फार लागत नाही. त्यांचा फायदा बाकीच्या मुलांनाही होतो.

१. पुढं बसवणं. मूल पहिल्या रांगेत, फळ्यासमोर, दारा-खिडकीपासून लांब बसावं. शिक्षकांची नजर सहज जाते आणि मुलालाही विचारायला सोपं पडतं.

२. एका वेळी एकच सूचना. "पुस्तक काढा, पान चाळीस उघडा, दुसरा परिच्छेद वाचा आणि प्रश्न सोडवा," असं एका दमात सांगितलं की हे मूल पहिल्याच सूचनेवर राहतं. एक काम सांगायचं, ते झालं की दुसरं.

३. थोडी अक्षरं, लगेच शब्द. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी एकदम घोकून घेण्यापेक्षा तीन-चार अक्षरं घ्यायची आणि त्यांचेच शब्द करायचे. म, ग, र आणि काना एवढंच घेतलं तरी मग, गर, गरम, मगर, मार, गार, राग, मामा इतके शब्द होतात. मुलाला त्याच दिवशी 'मला वाचता आलं' असं वाटतं. ब आणि व, किंवा घ आणि ध, अशी दिसायला सारखी अक्षरं एकाच आठवड्यात घ्यायची नाहीत. एक पक्कं झालं की मगच दुसरं.

४. डोळा, कान, तोंड आणि हात एकत्र. नुसतं बघून जे डोक्यात बसत नाही, ते हातानं गिरवून बसतं. ताटात वाळू किंवा रवा पसरायचा. बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. अंगणात रांगोळीनं मोठं अक्षर काढून त्यावरून चालायला लावायचं. अक्षरावर चिंचोके मांडायचे. रोज पाच मिनिटं पुरतात, पण रोज पाहिजेत.

५. शब्द फोडून, टाळी वाजवून. 'शेतकरी' हा शब्द शे-त-क-री असा चार टाळ्यांवर म्हणायचा. मग प्रत्येक टाळीचं अक्षर लिहायचं. अक्षर गळायचं प्रमाण यानं कमी होतं.

६. खिडकीची पट्टी. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या. मधोमध एका ओळीएवढी लांबट खिडकी कापा. ती पुस्तकावर ठेवून सरकवत गेलं की एका वेळी एकच ओळ दिसते आणि ओळ सुटत नाही.

७. अचानक उभं करून वाचायला लावायचं नाही. सगळ्या वर्गासमोर अडखळलं की बाकीची मुलं हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल शाळा टाळतं. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगावं. मूल घरून तयारी करून येतं. नाहीतर चांगलं वाचणाऱ्या मुलाबरोबर जोडीनं वाचू द्यावं.

८. उतरवून घेणं कमी. फळाभर मजकूर उतरवण्यातच या मुलाची सगळी ताकद जाते, समजून घ्यायला काही उरत नाही. त्याला निम्मं उतरवू द्यावं, किंवा गाळलेल्या जागा भरायला द्याव्यात.

९. तोंडी विचारणं. मुलाला इतिहास येतो का हे बघायचं असेल, तर त्याचं लेखन बघून ते कळणार नाही. आपल्या शाळांतल्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांना जागा आहेच. तिचा उपयोग करावा. लेखी चाचणीत थोडा जास्त वेळ द्यावा.

१०. गणितात हातात वस्तू. आगपेटीच्या दहा काड्यांचा रबर लावून एक गठ्ठा करायचा. चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या म्हणजे ४७. वजाबाकीत गठ्ठा सोडायचा, बेरजेत बांधायचा. 'हातचा' म्हणजे काय ते मुलाच्या हातालाच कळतं. पाढे पाठ होत नाहीत म्हणून पुढचं गणित अडवू नये. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून उदाहरणं सोडवू द्यावीत.

११. कौतुक नेमकं. "शाब्बास" एवढंच म्हटलं तर मुलाला कळत नाही की आपलं काय बरोबर आलं. "आज पाचही शब्दांत काना सुटला नाही" असं म्हटलं की कळतं. सगळी वही लाल करण्यापेक्षा एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी.

घरी पंधरा मिनिटं

बऱ्याच ताई विचारतात, "शिकवणी लावू का?" शिकवणीत शाळेतलंच पुन्हा, त्याच पद्धतीनं, आणखी जोरात करून घेत असतील, तर पैसे जातात आणि मूल आणखी कंटाळतं. जो शिकवणार आहे तो पद्धत बदलायला तयार आहे का, हे आधी विचारा.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. तासभर बसवू नका. आईला वाचता येत नसलं तरी पुढची कामं होतात : शब्दावर टाळ्या वाजवणं, परातीत पिठावर अक्षर गिरवून घेणं, मुलाला गोष्ट सांगणं आणि ती परत सांगायला लावणं. मोठ्या बहिणीनं पुस्तकातला धडा वाचून दाखवावा आणि मुलानं बोट ठेवून ऐकावा. स्वयंपाक करताना "तीन वाट्या पीठ, दोन वाट्या पाणी" मोजायला लावा. बाजारातून आलं की दहाच्या नोटा आणि रुपयांची नाणी वेगळी करून आकडा लिहायला सांगा. गटाच्या बचतीचे पैसे मोजताना जवळ बसवा.

प्रगतीचीही नोंद ठेवा. गटाचं लेखापुस्तक आपण ठेवतो, तसंच मुलाचं एक पान करा. दर शनिवारी ओळखीचे २० शब्द वाचायला द्या, किती बरोबर आले तो आकडा तारखेसह लिहा. या आठवड्यात सहा आले, महिन्यानं नऊ आले, तर पद्धत चालते आहे. दोन महिने आकडा हललाच नाही, तर शिक्षकांशी बोलून पद्धत बदला. आकडा शेजारच्या मुलाशी ताडून बघू नका. मुलाच्या मागच्या महिन्याशी ताडा.

आणि दुसरी एक गोष्ट विसरू नका. हे मूल ज्यात चांगलं आहे, ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. कबड्डी असो, चित्र असो, नाहीतर मोटारचं काम. "आधी वाचायला शीक, मग खेळ" असं म्हटलं की मुलाकडे अभिमानानं करायचं काहीच उरत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात अध्ययन अक्षमता नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची आणि त्यांना साजेशी शिकवण्याची पद्धत वापरायची, ही जबाबदारी या कायद्यानं शाळेवर टाकली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं याला बंदी आहे. 'ढ' म्हणून वर्गात कोपऱ्यात बसवणं हाही मानसिक त्रासच.

समग्र शिक्षा अभियानात गट पातळीवर विशेष शिक्षक असतात. ते पंचायत समितीच्या गट साधन केंद्राला जोडलेले असतात. मुख्याध्यापकांनी कळवलं तर ते शाळेत येऊन मूल बघतात आणि शिक्षकांना मार्गदर्शन करतात. पुढची तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होते. अध्ययन अक्षमतेची पक्की तपासणी साधारण आठ वर्षांच्या किंवा तिसरीतल्या मुलाची करतात, कारण त्याआधी साध्या चुका आणि अक्षमता वेगळ्या काढणं अवघड असतं. पण शिकवण्याची पद्धत बदलायला कागदाची वाट बघायची गरज नाही. ती पहिलीपासूनच बदलता येते.

दाखला मिळाला की दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. दर तासाला २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. गरज असेल तर लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर. अर्ज शाळेमार्फत करावा लागतो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ केली तर तपासणीची तारीख मिळत नाही.

"शिक्का बसेल त्याची भीती वाटते"

ही भीती खरी आहे. दाखला काढला तर गावात "वेडा" म्हणतील, मुलगी असेल तर सोयरिकीला अडचण येईल, असं आईला वाटतं. तिला "काही होत नाही" म्हणून गप्प करू नका.

दोन गोष्टी मात्र तिच्यासमोर ठेवा. एक, शिक्का तर आधीच बसलेला आहे. मुलाला आज 'ढ' आणि 'आळशी' म्हणतातच. दाखल्यावर निदान असं लिहून येतं की मुलाची बुद्धी ठीक आहे आणि अडचण अमुक ठिकाणी आहे. दोन, दाखला गावाला दाखवायचा नसतो. तो शाळेच्या फाईलमध्ये राहतो, परीक्षेला लागतो. काढायचा की नाही हे घरच्यांनी ठरवावं. गटानं जबरदस्ती करू नये, आणि एखादीनं बैठकीत विश्वासानं सांगितलेली गोष्ट पाणवठ्यावर नेऊ नये.

शिक्षकांशी कसं बोलायचं?

तक्रार घेऊन गेलं की दार बंद होतं. वही घेऊन जावं, शाळा सुटल्यावर जावं, आणि थोडक्यात बोलावं. उदाहरणार्थ :

"नमस्कार सर. ही याची वही. घरी विचारलं की तोंडी सगळं सांगतो, लिहिताना काना-मात्रा सुटतात. तुम्ही एकदा तोंडी विचारून बघाल का?"

"ताई, वर्गात चाळीस मुलं आहेत. मी एकट्याकडे किती बघू?"

"खरं आहे सर. दोनच गोष्टी करा, त्याला पुढं बसवा आणि सगळ्यांसमोर अचानक वाचायला उभं करू नका. घरी रोज पंधरा मिनिटं आम्ही घेतो. महिन्यानं मी परत येते, फरक पडला का बघू. आणि विशेष शिक्षकांना शाळेतून एक पत्र जाईल का?"

दोनच मागण्या, आपल्या बाजूनं एक काम, आणि परत येण्याची तारीख. असं मागितलं की शिक्षकांना नाही म्हणणं अवघड जातं, आणि बहुतेकांची इच्छाही असतेच.

गट म्हणून आपण काय करू शकतो?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे आपल्याच गटातल्या कुणीतरी तिथं आहे. तिनं सभेत हा विषय मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा : शाळेत किती मुलं वाचनात अडतात, आरोग्य पथकाला ती दाखवली का, विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते.

जिल्ह्याच्या रुग्णालयात एक-दोन खेपा कराव्या लागतात. दोन दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि पहिल्यांदा जाणारी बाई खिडकीवरूनच परत येते. गटानं प्रवासापुरतं अंतर्गत कर्ज द्यावं आणि आधी जाऊन आलेली एखादी ताई सोबत पाठवावी. ग्रामसंघाच्या बैठकीत अशा सगळ्या मुलांची यादी झाली, तर चार-पाच आया एकाच दिवशी मिळून जाऊ शकतात. जाताना मुलाच्या वह्या, शाळेचं पत्र, आधार कार्ड आणि फोटो घ्यायला विसरू नका.

गावात बारावी झालेली मुलगी असेल, तर संध्याकाळी समाजमंदिरात अर्धा तास 'गोष्टीची वेळ' सुरू करता येते. त्यात सगळीच मुलं येऊ द्या. अडणाऱ्या मुलांना वेगळं बसवू नका.

बैठकीतला खेळ

प्रत्येकीनं कागद-पेन घ्यावं. पेन डाव्या हातात धरावं, डावखुऱ्या ताईंनी उजव्या. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पाच ओळी लिहायच्या, ज्यांना सही येते त्यांनी पाच सह्या करायच्या. एक ताई भरभर मजकूर सांगेल आणि मधूनमधून म्हणेल, "आवरा लवकर, बाकीच्यांचं झालं. किती घाण अक्षर!" दोन मिनिटांनी थांबा. हात दुखला का? सांगितलेलं ऐकू आलं का? राग आला का? तुम्हाला काय लिहायचं ते येत होतं, हात चालत नव्हता. त्या मुलाचा शाळेतला प्रत्येक दिवस असा जातो.

मग आणखी एक आठवा. आपल्यातल्या कितीतरी जणी गटात आल्या तेव्हा अंगठा लावत होत्या. सही कशी शिकलो? कुणीतरी ठिपके काढून दिले, त्यावर गिरवलं, नावातलं एकेक अक्षर घेतलं, पन्नास वेळा चुकलो आणि कुणी हसलं नाही. वर लिहिलेल्या बऱ्याचशा पद्धती त्याच आहेत. मोठेपणी आपण त्या पद्धतीनं शिकलो, तर आपली पोरंही शिकतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत तिसरीच्या पुढं जाऊनही वाचायला अडणारी मुलं किती? त्यात मुली किती? त्यांची शाळा अजून सुरू आहे का?

२. त्यांचे डोळे आणि कान तपासून झाले का? आरोग्य पथक आपल्या शाळेत शेवटचं कधी आलं?

३. आपल्या गटातली कोण शाळा व्यवस्थापन समितीवर आहे? पुढच्या सभेत ती काय विचारणार?

४. वरच्या अकरा गोष्टींपैकी शाळेत आधीपासून काय होतं? कोणत्या दोन गोष्टी उद्यापासून होऊ शकतात?

५. या महिन्यात गट एका मुलासाठी कोणतं एक काम करेल? कामाचं आणि जबाबदार ताईचं नाव इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या बैठकीत विचारा. मुलाचं नाव मात्र लिहू नका.